बाईंनी थांबवलेली प्रार्थना

मुख्याध्यापिकेने सगळ्या शाळेसमोर एका मुलीची माफी मागितलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? मी पाहिली आहे. म्हणूनच गेल्या महिन्यात माझ्या वर्गातल्या लताचा फोन आला आणि "मार्थाबाई गेल्या वं..." एवढंच बोलून ती थांबली, तेव्हा रडू येण्याआधी माझी मान ताठ झाली. अशा बाईंच्या हाताखाली आम्ही दोघी शिकलो!

कुरखेड्याजवळची आमची मिशनची शाळा. मुलं बहुतेक शेतकरी आणि मासेमार घरांतली, हिंदू. बाई ख्रिस्ती, आणि ते त्यांनी कधी दबक्या आवाजात सांगितलं नाही. शाळेचा दिवस येशूच्या नावानेच उघडायचा. पण प्रार्थनेआधी बाई रोज विचारायच्या, "कोनाचं कोनासंगं काई बाकी आहे का?" ज्याची चूक त्याने उठून सांगायची, ज्याला दुखावलं त्याच्यापुढे जायचं, मगच प्रार्थना. मनात अढी ठेवून प्रभूपुढे उभं राहणं म्हणजे त्याची थट्टा, असं त्या म्हणायच्या. त्यांनी कुणाला धर्म बदलायला सांगितलं नाही. शाळेने मात्र आपला धर्म पाळलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता.

मी पत्रकांवर वाढलेली. बाबा तलावातल्या मासेमारीच्या हक्कासाठी पत्रकं वाटायचे, मी अक्षरं त्यांवरच गिरवली. नववीत असताना मीही एक लिहिलं, 'प्रार्थनेची सक्ती कशासाठी?' पहाटे ते वसतिगृहाच्या विहिरीजवळ भिंतीवर चिकटवलं. खाली नाव घातलं नाही. आज लाज वाटते ती पत्रकाची नाही, त्या निनावीपणाची... चिकटवायला केलेल्या भाताच्या खळीची वाटी मी घाईत लताच्या खाटेखाली सरकवली होती. ती सापडली. बाई अशा संतापल्या, की लता रडून सांगत होती तरी त्यांनी ऐकलं नाही. सगळ्यांसमोर तिची पेटी बाहेर ठेवली आणि दुपारच्या एसटीने तिला घरी धाडलं. मी गप्प राहिले.

दुसऱ्या सकाळी बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी उठले. "बाई, पत्रक माझं आहे. लतानं काईच नाई केलं."

वाटलं, आता आपली पेटी निघणार. बाई ओट्यावरून खाली उतरल्या. "म्हंजे बाकी तं माहीच निघाली," त्या म्हणाल्या. "आज प्रार्थना नाई. लता आल्याबिगर नाईच."

मला घेऊन त्या लताच्या गावी गेल्या. धानाची रोवणी चालली होती; बाया पऱ्हे, म्हणजे भाताची कोवळी रोपं, चिखलात लावत होत्या. बाईंनी चपला काढल्या, लुगडं खोचलं आणि सरळ बांधीत, त्या चिखलाच्या वाफ्यात, शिरल्या. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कडेच्या बांधावर, उभे असलेले लताचे वडील, नामदेवभाऊ, बघतच राहिले.

"बाई, तुमी चिखलात काऊन उतरून राह्यल्या?"

"माफी मांगाले आली, नामदेवभाऊ. तुमच्या पोरीवर खोटा आळ घेतला मी."

"मंग धुऱ्यावरूनच मांगाची नं! एवढे पऱ्हे तुडवले, त्याची माफी कोन मांगन?"

बाया खदखदून हसल्या. लता हसली नाही. हातातली पऱ्ह्यांची जुडी तशीच धरून म्हणाली, "मले साऱ्याइच्या समोर धाडलं. माफीबी साऱ्याइच्या समोर मांगा."

"बरोबर आहे तुहं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पटांगणात त्या लतापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. मी शेजारी, तशीच. लताने घाई केली नाही. मग ती म्हणाली, "झालं, बाई. आता प्रार्थना घ्या." प्रार्थनेनंतर बाईंनी माझं पत्रक मलाच मोठ्याने वाचायला लावलं, नावासकट! आणि म्हणाल्या, "सक्तीचं हिचं म्हननं खरं आहे. उद्यापासून ज्याले गावाचं त्यानं गावं, बाकीच्याइनं शांत उभं राहावं. पन चूक कबूल कराची सक्ती राहीन. ते मलेबी आहे."

त्या दिवसापासून मी गाऊ लागले. मी आजही ख्रिस्ती नाही. पण धर्म आणि शाळा यांवर वाद घालायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ठणकावून सांगते, की सत्ता हाती असलेल्या बाईला ज्या श्रद्धेने चिखलात उतरवलं, ती शाळेच्या मधोमधच असायला हवी.

बाईंना माती देताना पाद्रीसाहेबांनी पुस्तक उघडलं, तोच गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. धुऱ्याच्या भांडणातून तुटलेल्या आपल्या भावाचा हात धरून म्हणाला, "थांबा साहेब, आमचं बाकी आहे." मग आणखी कुणी उठलं, मग आणखी कुणी. पाद्रीसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि ते वाट पाहत उभे राहिले. ऊन कलेपर्यंत माणसं एकमेकांकडे जात होती. एवढा मोठा विजय मी कुठल्याच मोर्चात पाहिलेला नाही.

बाईंच्या फोटोला हार घालू नका. तुम्ही शिक्षक असाल, तर उद्या परिपाठाआधी ज्या मुलावर तुम्ही अन्याय केलात त्याचं नाव घ्या, आणि सगळ्या वर्गासमोर त्याच्यापुढे हात जोडा. मुलांना नंतर सांगा. आधी तुम्ही.