डाव्या खांद्यावरचा फरिश्ता

ताईच्या सासऱ्यांइतका संशयी माणूस सातारा-सांगलीकडे दुसरा झाला नसेल. स्वर्ग आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती. तिथला कारभार सरळ असेल याबद्दल होती. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, तरी त्यांचा पहारा काही उठला नाही. गुळाची ढेप आतून वेगळी निघेल म्हणून ते ती मधोमध फोडून बघत आणि पोस्टमनला पाणी देण्याआधी त्याचं गाव विचारून घेत. सगळ्यांत दाट संशय देवदूतांवर. "द्येव सगळीकडं हाय म्हंत्यात, मग निरोप्या कशाला लागतोय? कायतरी काळंबेरं हाय." यमदूत त्यांना त्यातल्या त्यात पसंत होते, कारण ते न्यायला येतात हे उघड तरी होतं. सांगलीच्या पेठेतला त्यांचा जैन अडत्या म्हणाला, "आमच्यात निरोप धाडणाराच कुणी न्हाई. देव बी पुण्य संपलं की खाली जन्माला येतोय." "म्हंजी त्यास्नी पेन्शन न्हाई!" असं म्हणून हवालदार हळहळले.

एकोणीसशे पंच्याहत्तरच्या सुमारास मी मिरजेत नोकरीला होतो, तेव्हा ताईच्या सासूबाईंना तिथल्या दवाखान्यात आणलं. बाईंचं पोट कित्येक महिने दुखत होतं आणि यांनी ते कामाच्या कंटाळ्यावर घातलं होतं. "सोंग पुरं कर," असं ते त्याच सकाळी एसटीतही सगळ्यांदेखत म्हणाले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पोटात मोठी गाठ आहे, आजच ऑपरेशन करायला हवं, खात्री देता येत नाही. भिंतीवर दोन मुलांच्या पाठीशी उभ्या असलेल्या, पंखवाल्या देवदूताचं चित्र होतं. "राखायला आलाय तर मागं का उभारलाय?" हवालदार म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

मी त्यांना चहाला बाहेर नेलं. शेजारी माझ्या ओळखीचे एक तंबोरे करणारे चाचा दुकानात नमाज संपवताना उजवीकडे, मग डावीकडे मान वळवत होते.

"दोन्हीकडं कुणाला बघताय?" हवालदारांनी संशयानं विचारलं.

"फरिश्त्यांना सलाम, हवालदार. उजव्या खांद्यावरचा चांगलं लिवतो, डाव्यावरचा वाईट. पर डावा लगीच लिवत न्हाई. माणूस तोबा करतोय का, चूक कबूल करतोय का, बघत थांबतो."

"थांबतो?"

"थांबतो."

हवालदारांनी चहा तसाच ठेवला आणि ते जवळजवळ पळतच वॉर्डात गेले. सासूबाईंना आत न्यायची तयारी झाली होती. "तुझं दुखणं खरं हुतं," ते म्हणाले. "चुकलं माजं."

बाईंचा चेहराच उतरला. उभ्या जन्मात न ऐकलेलं वाक्य! "डाक्टर काय म्हणालं तुमास्नी? मी वाचत न्हाई व्हय?" हवालदारांनी परोपरीनं सांगितलं, पण बाईंचा संशय काही हटेना. आत जाता जाता त्यांनी सोबत आलेल्या ताईला नव्या गोधड्या कुठं ठेवल्यात तेही सांगून टाकलं.

त्या वाचल्या. पुढं पुष्कळ वर्षं जगल्या. आता दोघंही नाहीत, आणि मला त्यांची फार आठवण येते. येते ती त्या संध्याकाळचीच. बाई शुद्धीवर आल्या, आणि उशाशी बसलेल्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मगाशी म्हणालासा, ते परत म्हणा की. भ्याले हुते, नीट ऐकलंच न्हाई."