दोन जावांचे दोन एक्स-रे

आमच्या दातांच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीत नवीन एक्स-रे मशीन आलं तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर मी केली. मी डॉक्टर मॅडमची मदतनीस. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर गाडी लागली, की काळ्या खोक्यात हात खुपसून फिल्म धुवायची आणि क्लिपला लावून वाळवायची, हे माझं काम. आता म्हणे फिल्मच नाही. तोंडात चपटी पट्टी धरायची, फोटो थेट लॅपटॉपवर. आणि पेशंटचं पूर्ण नाव, वय टाकल्याशिवाय ते मेलं पुढेच सरकत नाही! "एवढा कसला तोरा?" असं मी म्हटलं खरं, पण आतून चरकले होते.

काही वर्षांपूर्वी तलासरीकडच्या एका पाड्यावरून दोन जावा एकत्र आल्या होत्या. दोघींचीही उजवीकडची खालची दाढ दुखत होती. गर्दी मरणाची. मी दोन्ही क्लिपांना चिठ्ठ्या लावल्या आणि दोन्हींवर नुसतं आडनाव लिहिलं. मॅडमनी फिल्म बघून धाकटीची दाढ काढली, थोरलीची भरली. दुपारी फिल्म पाकिटात घालताना चूक माझ्या लक्षात आली. जी पार किडलेली दाढ बघून धाकटीची काढली, त्या फिल्ममध्ये शेजारचा दातच नव्हता, आणि धाकटीचे तर सगळे दात जागच्या जागी होते. म्हणजे भरून वाचली असती अशी तिची दाढ आम्ही उपटली होती. थोरली महिन्याभराने गाल सुजवून आली, मग तिचीही काढली. मी गप्प बसले. नोकरी जाईल म्हणून घाबरले, दुसरं काही नाही.

परवा बाजाराच्या दिवशी धाकटी आली. आता डावीकडची दाढ ठणकत होती, आणि चावायला तिला तीच बाजू उरली होती. फोटो बघून मॅडम म्हणाल्या, "ही वाचेल. दोन-तीन खेपा याव्या लागतील."

"नको बाय, भातकापणी चाललीय. काढून टाका. मागची एका फेरीत काढली, काय झालं?"

मॅडमनी परोपरीने समजावलं. ती ऐकेचना. शेवटी मॅडमनी मला इंजेक्शन भरायला सांगितलं. मी सिरिंज हातात घेतली आणि परत खाली ठेवली.

"ताई, मागची दाढ काढायचीच नव्हती," मी म्हटलं. "तुमची आणि जावेची फिल्म माझ्या हातून बदलली. मला त्याच दिवशी कळलं होतं."

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. धाकटी उजवीकडच्या रिकाम्या जागेवर जीभ फिरवत बसली. मला रडू फुटलं आणि स्वतःचाच राग आला. रडायला माझं काय गेलं होतं?

"हा फोटो माझाच ना?" तिने विचारलं.

"तुमचाच. वर नाव आहे."

"वाच."

मी तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, वय, सगळं वाचलं. तिने मान हलवली आणि मॅडमना म्हणाली, "भरा."

काम झाल्यावर गाडीच्या पायरीवर ती थांबली. मला म्हणाली, "पुढच्या खेपेला जावेला आणते. तिलाही तूच सांग."