व्हर्लिनच्या छातीतली गाठ

आमच्या टेक्सासातल्या गावात पिस्तूल लावून चर्चला जाण्याचं कुणाला काही वाटत नाही. व्हर्लिन तर दर रविवारी दाराशी पहाऱ्यालाच असायचा. पहारेकऱ्यांना नियम एकच. पिस्तूल अंगावर कुठे लपवलंय ते कुणाला कळता कामा नये. कळलं की पहारा गेला. व्हर्लिनचं कधीच कुणाला कळलं नव्हतं, आणि त्याचा त्याला एवढा तोरा की विचारू नका.

मग त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, कमरेला पट्टा बांधायचा नाही. आता पिस्तूल लावणार कुठे? तिकडे चर्चमधलाच डेल पहाऱ्याच्या त्या जागेवर टपूनच बसला होता.

मी त्यांची शेजारीण, त्यामुळे पुढचा तमाशा मला फुकटात बघायला मिळाला. व्हर्लिनला वाकता येत नव्हतं, म्हणून बायकोनं, नेडीननं, त्याच्या घोट्याला पिस्तूल बांधून दिलं.

"आणि चोर आला की?" तिनं विचारलं.

"काढेन की."

"कसं? का त्याला थांबवून मला हाक मारशील, ये गं, काढून दे?"

मग खाकेत अडकवून झालं. पण आजारी म्हणून गावानं पोचवलेले चीज-बटाटे हादडून पोट इतकं सुटलं होतं की वरून सदऱ्याची बटणंच लागेनात.

"गप घरी बस," नेडीन म्हणाली.

"डेल दाराशी उभा आणि मी घरी? त्यापेक्षा पोट परत फाडा माझं."

शेवटी शेतावर घालायची, खांद्यांवरून अडकवायची डंगरी निघाली. कमरेला पट्टा नको, छातीवर ऐसपैस खिसा. पिस्तूल खोळीसकट आत गेलं आणि रविवारी स्वारी दाराशी खुर्ची टाकून बसली.

पण आमच्याकडे आजारी माणसाला पुढे बोलावून सगळे त्याच्या अंगावर हात ठेवून प्रार्थना करतात. जन्म चर्चमध्ये गेला, आणि हा बाबा नेमकं तेच विसरला. म्हाताऱ्या मिस ओपलना धड दिसत नाही. त्यांचा हात पडला तो थेट खिशावर.

"देवा," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "याच्या छातीत केवढी गाठ आहे रे."

चर्चभर मुसमुस सुरू झाली. डेल तर हुंदके देऊन रडला. व्हर्लिन गप्प राहिला असता तर पहारा वाचला असता, आणि तो गप्पच होता. मग त्यानं नेडीनकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती. ऑपरेशन चाललेलं असताना गाडीत बसून ती किती रडली, ते मला ठाऊक आहे.

"तू मला सांगितलं पण नाहीस," ती हळूच म्हणाली.

"नेडीन, गाठ नाही गं," तो म्हणाला. "पिस्तूल आहे."

सगळे हात झटकन मागे गेले. मिस ओपलनी मात्र आपला काढला नाही. "असू दे," त्या म्हणाल्या, "प्रार्थना सुरू केलीच आहे तर पुरी करते."

पहारा डेलला गेला. व्हर्लिन आता नेडीनच्या शेजारी बाकावर बसतो, आणि उपदेश संपेपर्यंत ती त्याचा उजवा हात धरून ठेवते. पिस्तूल काढायचं तर त्याला तोच हात लागतो. पण सोडवून घेत नाही.