गिरडचे शंख

हिंगणघाटला गाडीतून उतरले तेव्हा माझ्याजवळ एक हातोडी, सरांची जुनी वही आणि पुण्याच्या रस्त्यांवर मिरवायच्या चपला होत्या. गिरडला मोटारीतून उतरताना उजव्या चपलेचा अंगठा तुटला. तो सुतळीने बांधून मी टेकडीकडे निघाले.

आमचे सर भूगर्भशास्त्रातले. तरुणपणी त्यांना गिरडला दगडात रुतलेले गोड्या पाण्यातले शंख सापडले. त्यावरून त्यांनी मांडलं, की लाव्हारसाचा एक थर निवला, त्यावर तळं साचलं, त्यात गोगलगाई नांदल्या आणि कितीतरी काळाने दुसरा थर आला. ज्वालामुखीने मध्ये एवढी उसंत घेतली, हे या भागात प्रथम त्यांनीच दाखवलं. जागा म्हणून त्यांनी गिरडची टेकडी लिहिली होती, पण नंतर गेलेल्या कुणालाच तिथे एकही शंख मिळाला नाही. शंख दुसरीकडून आणले असतील, अशी कुजबुज सुरू झाली. आता सरांचं पुस्तक छापायला जायचं होतं आणि प्रकाशक म्हणत होते, जागा दाखवा, नाहीतर हे प्रकरण गाळा. सर गप्प बसले. मला त्या गप्प बसण्याचाच राग आला, म्हणून मी निघाले.

दोन दिवस टेकडी पालथी घातली. टेकडीवरच्या दर्ग्याला आलेले भाविक तिथले सुपारीएवढे गोटे हौसेने वेचून नेतात. फकिराच्या शापाने कुणा व्यापाऱ्याच्या मालाचे ते दगड झाले, अशी कथा आहे. मीही पिशवीभर फोडले. आत सुरेख स्फटिक होते, शंख नव्हते.

तिसऱ्या दिवशी वैतागून पायथ्याच्या शेतात धुऱ्यावर (बांधावर) बसले. शेताची मालकीण पार्वताबाई धसकटं वेचत होती. वय पन्नाशीकडे झुकलेलं.

"काऊन वं बाई, उन्हात काय शोधून राह्यली?"

मी वहीतलं शंखाचं चित्र दाखवलं. तिने ते निरखलं. "त्याच्यावरच त बसली तू."

मी ताडकन उठले. खालच्या दगडात पांढरे शंख दाटीने बसले होते.

"टेकडीवरून आणले?"

"नाई. विहीर खंदली तवा निघाले. माह्या बापानं धुऱ्यावर रचले." तिने हातातली धसकटं खाली टाकली. "मी लहान होती, तवा एक साहेब आलता. हे गोटे पाहून लय खुश झाला. कुठचे म्हणून बापाले पुसलं. बाप भेला. त्याले वाटलं, इथचे म्हटलं त सरकार वावर घेऊन घेईन. टेकडीचे गोटे त सारेच नेतात, म्हणून त्यानं तिकडं बोट केलं. आता तू सांगशील, त वावर जाईन काय?"

"शेत नाही जाणार. कागदावर फक्त चित्र जाईल."

तिने मला विहिरीत उतरवलं. उन्हाळ्याने पाणी तळाला गेलं होतं. वर काळा दगड, खाली काळा दगड आणि मध्ये हातभर राखाडी थर, शंखांनी भरलेला. एवढा आनंद मला परीक्षेत पहिली आले तेव्हाही झाला नव्हता. मी चित्र काढत असताना पार्वताबाई पायरीवरून चुका काढत होती. मग निंबाखाली बसून आम्ही भाकर, बेसन म्हणजे आमच्याकडचं पिठलं आणि कांदा खाल्ला, आणि मी लाज सोडून तिसरी भाकर मागितली.

पुण्यात परतल्यावर पार्वताबाईने दिलेला धुऱ्यावरचा एक दगड आणि चित्र सरांपुढे ठेवलं, सारी हकीकत सांगितली. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"त्या विहिरीचं पाणी प्यायलो होतो मी," ते म्हणाले. "दोन तांबे. आत डोकावलो मात्र नाही."

त्यांनी हस्तलिखितात 'टेकडी' हा शब्द खोडला. "विहीर खणणाऱ्याचं नाव काय?"

मी विचारलंच नव्हतं. दगडाची लांबी, रुंदी, थराची जाडी, सगळं लिहून आणलं होतं. सरांनी लेखणी खाली ठेवली. कित्येक वर्षांत शहराबाहेर न पडलेल्या त्या माणसाने दुसऱ्या दिवशी हिंगणघाटची दोन तिकिटं काढली.