याकोबकाकांची आई

डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या दुकानात मी कोथिंबीर निवडत होते. दुकानदारीणबाई म्हणाल्या, "अहो, तुमचे तिकीटवाले काका गेले. पहाटे, झोपेतच." हातातली जुडी तशीच राहिली... सात वर्षांपूर्वी, ऐंशीच्या हिवाळ्यात, शिकागोत आलो तेव्हापासून आम्ही याकोबकाकांच्या दुकानावरच्या मजल्यावर राहतो. ते घरमालक. पण थोड्याच दिवसांत माझ्या तोंडी त्यांचे 'काका' झाले, आणि त्यांनाही ते आवडलं.

पोस्टाची जुनी तिकिटं विकणं हा त्यांचा धंदा. पोलंडमधल्या एका खेड्यात त्यांच्या आईची बेकरी होती. नाझींनी घरच्या सगळ्यांना नेलं तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे होते. एका शेतकरीणबाईनं गवताच्या कोठारात लपवलं म्हणून वाचले. युद्धानंतर निर्वासितांच्या छावणीत पाकिटांवरची तिकिटं सोडवून विकायला लागले. "तिकिटंच का?" मी एकदा विचारलं. "पळावं लागलं तर अख्खं दुकान खिशात मावतं," ते म्हणाले. हसले नाहीत.

आईचा फोटोही उरला नव्हता. "उंच होती," एवढंच सांगायचे. "गिऱ्हाइकांच्या गर्दीतही तिचं डोकं वर दिसायचं."

त्यांना ड्राइव्ह करता येत नसे, म्हणून तिकिटांच्या प्रदर्शनांना मी घेऊन जायची. तीनेक वर्षांपूर्वी मिलवॉकीच्या प्रदर्शनात एक वयस्कर बाई त्यांच्या टेबलाशी घासाघीस करत होत्या. काका वैतागून स्वतःशीच यिडिशमध्ये, तिकडच्या ज्यू लोकांच्या भाषेत, काही पुटपुटले. बाईंनी हातातला अल्बम खाली ठेवला. गाव विचारलं, टेबलावरच्या पाटीवरचं त्यांचं नाव वाचलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "यान्केले? बेकरीवाल्या रिव्काचा?"

यान्केले म्हणजे याकोबचं लाडकं रूप, आपल्याकडचं 'बाळ्या' म्हणा. चाळीसेक वर्षांत त्यांना त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. काकांनी आपली खुर्ची बाईंपुढं सरकवली. त्या एस्तेरबाई, त्याच गावच्या. लहान असताना रोज पाव आणायला जायच्या. दोघं आपल्या भाषेत बोलत राहिले, गिऱ्हाइकं येऊन परत जात होती. मधेच काका माझ्याकडे वळून चिडून इंग्रजीत म्हणाले, "ही म्हणते, माझी आई बुटकी होती!"

एस्तेरबाईंनी आपल्या खांद्याला हात लावला. "इथवर. काउंटरमागं खोक्यावर उभी राहायची ती."

 परतताना काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आत्ता असती तर मी तिला सहज उचलून घेतलं असतं..." आणि रडायला लागले. मी गाडी बाजूला घेतली.

पुढं दर रविवारी दोघांचा फोन चालायचा. वरपर्यंत हसणं ऐकू यायचं.

दफनाला एस्तेरबाई आल्या. रीतीप्रमाणं मूठभर माती टाकली, नंतर माझ्याकडे चहाला आल्या. "माझा धाकटा भाऊ यान्केलेबरोबर खेळायचा," त्या म्हणाल्या. "भाऊ डावखुरा होता. मी विसरले होते, यान्केलेनं आठवण करून दिली. आता भावाला पाहिलेलं माझ्याशिवाय कुणी नाही."

 मी विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

त्यांनी कप खाली ठेवला, आणि सांगायला लागल्या.