दुभाषी म्हणून वापरलेली माझी लेक

बालरोग विभागाने माझ्या मुलीला फसवलं. डॉक्टर करतो म्हणून घेतलं आणि दुभाषी म्हणून वापरलं. मला यात शंका नाही, आणि कोणी 'गैरसमज' हा शब्द काढला तर मी तो ऐकून घेणार नाही.

मी चाकणला मेस चालवते. धाराशिव जिल्ह्यातून नवऱ्याबरोबर आले. तो आजारात गेला आणि मी खराबवाडीतल्या पत्र्याच्या खोलीत डबे करायला बसले. आज दोन कंपन्यांच्या कँटीनचं काम माझ्याकडे आहे, आणि ते कोणी आणून हातात दिलेलं नाही. ताटाच्या दरासाठी मी एचआरच्या साहेबांशी कडाकडा भांडले आहे. एकदा तर तयार भाजीची पातेली टेम्पोत परत चढवली होती. एखादा साहेब माझ्या भाजीची जरा जास्तच तारीफ करायला लागला की मी लगेच ओळखते, आता हा दर पाडून मागणार.

एवढी सावध बाई, पण हॉस्पिटलात तारीफ ऐकून गप्प बसली.

मुलगी एकुलती एक. एमबीबीएस झाली, मग लहान मुलांची डॉक्टर व्हायला शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात लागली. पहिल्याच वर्षी त्यांनी पालकांना बोलावून कार्यक्रम केला. विभागप्रमुख म्हणाले, आम्ही सगळ्या थरांतली, सगळ्या भागांतली मुलं शिकायला घेतो, कारण वॉर्डात येणारी लेकरंही सगळ्या घरांतली असतात. मग माझ्या मुलीला उभं केलं. "हिच्यामुळे आमच्याकडे मराठवाड्यातली आई मोकळेपणाने बोलते." मी टाळ्या वाजवल्या.

त्या वॉर्डात चाकणजवळच्या महाळुंगे, कुरुळीकडच्या खोल्यांमधून बाया आजारी लेकरं घेऊन येतात. कोणी हिंगोलीची, कोणी बीडची. बाकीचे शिकाऊ डॉक्टर मुंबई-पुण्याचे, काही दिल्लीकडचे. एखादी बाई म्हणाली, "लेकरू कालपून दूध ओढंना, नुस्तं रडायलंय," की माझ्या मुलीला हाक. तिला बोलवा, तिला कळतं. उलीसं म्हणजे थोडंसं, हेही बाकीच्यांना कळत नव्हतं. सुरुवातीला ती फोनवर हसत सांगायची.

"माय, आज दिसभर मी नुस्तं 'उलीसं पाजलं का, उलीसं पाजलं का' करायले."

"मग डॉक्टर कवा होणार?"

"व्हते की! उलीसा दम धर."

मग हसणं कमी झालं. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. नवजात बाळाच्या शिरेत सुई घालायची असली की शिकणाऱ्यांना पाळीपाळीने हात लावायला मिळतो. हिची पाळी आली की कुठल्या तरी खाटेवरून हाक यायची. ही हातमोजे काढून जायची. त्या बाईला समजावून, शांत करून परत येईपर्यंत सुई शेजारच्याने घातलेली असायची. गेलेली पाळी कोणी परत देत नव्हतं. श्वासाची नळी घालायचं तेच, पाठीतलं पाणी काढायचं तेच.

"नाही म्हण की त्यांना," मी ओरडले.

"माय, त्यांना म्हणंन. पण ती बाई लेकरू घिऊन माझ्याकडं बघत असती. तिला कसं म्हणू?"

मी फोन ठेवला आणि राहिलेले डबे भरायला घेतले.

पुढे मूल्यमापन झालं. शेरा आला: संवाद उत्तम, हाताचं काम कमी, प्रशिक्षण वाढवावं. बरोबरचे सगळे पुढे सरकले. सर्वांना सामावून घेण्यासाठी म्हणून विभागात एक समिती नेमलेली होती, तिच्यापुढे मुलगी गेलेल्या पाळ्यांचं सांगायला गेली. समितीने सगळं शांतपणे ऐकलं, आभार मानले, आणि ठरवलं काय, तर आता हिने दर आठवड्याला बाकीच्यांचा बोलीभाषेचा वर्ग घ्यावा. म्हणजे शिकायला आलेलीच्या गळ्यात शिकवायचं काम.

ती म्हणाली, तू मधे पडू नको. मी गेले.

विभागप्रमुख चांगले वागले, ते कबूल करते. "या ताई, बसा. चहा घेणार?"

"चहा मी लोकांना पाजते, सर. माझ्या मुलीच्या पाळ्या कुठे गेल्या ते सांगा."

"अहो, तिचं बोलणं हे आमच्या विभागाचं बळ आहे."

"मग तुमचं बळ वाढवायला तिचे हात रिकामे का ठेवले?"

"बाकीच्यांना ती बोली येत नाही, ताई. काय करणार?"

मी तिथेच तोड काढली. "त्यांना बाईसमोर बसवा. अडखळू द्या, दोनदा विचारू द्या. अडलं तर माझी मुलगी सांगेल. आणि तिची पाळी असली की कोणी हाक मारायची नाही. त्यांना बोलायला येईल, हिला सुई येईल. कोणाचं नुकसान आहे सांगा."

ते हसले. "ताई, ही मेस नाही हो."

मग माझा आवाज चढला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की दार उघडं होतं आणि बाहेरच्या बाया लेकरं खांद्यावर घेऊन बघत होत्या. तेवढ्यात माझी मुलगी आत आली. तिने माझा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, प्लीज. तू घरी जा. इथे असं बोलत नाहीत."

आई. बोलायला लागल्यापासून मला माय म्हणणारी पोर ती.

तेव्हापासून ती माझ्याशी शुद्धच बोलते. रविवारी फोन येतो. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, ठेवते. एकदा मी म्हणाले, "कामून गं अशी बोलायलीस परक्यावानी?" ती म्हणाली, "दिवसभर तेच बोलते गं. आता ती बोली काढली की मला वॉर्डच ऐकू येतो."

मेसमध्ये गावाकडची पोरं जेवायला असतात. "मावशी, उलीसी आमटी वाढा," म्हणतात. मी पळी दुसऱ्या बाईच्या हातात देते आणि आत धान्याच्या खोलीत जाऊन उभी राहते. आता मी मोशीला फ्लॅटमध्ये राहते; तिथे परतले की एकटीसाठी भाकरी थापत नाही. मेसमधलं उरलेलं खाते. शेजारी चांगले आहेत, जिन्यात हसतात. त्यांच्याशी मीही शुद्धच बोलते.

परवा तिचा फोन रविवार नसताना आला. वाढवलेलं प्रशिक्षण ती करणार नाही. सोडते आहे. कुठेतरी नोकरी बघेन म्हणाली, लहान मुलांची नको. महिनाअखेर कळवायचं आहे. मी समजावायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "आई, आता तू काही ठरवू नकोस."

मी ठरवत नाही. पण सर, तुम्ही उत्तर द्यायचं आहे. तिला हाक मारून मारून तिच्या पाळ्या ज्यांना दिल्यात, त्यांना पुढे ढकललंत आणि तिच्या हाताचं काम कमी आहे असं लिहिलंत. ते कमी कोणी ठेवलं? मला चहा नको, समिती नको आणि माझी माफीही मागू नका. महिना संपायच्या आत त्या सगळ्या शिकाऊ डॉक्टरांसमोर उभे राहा आणि तिच्याकडे बघून याचं उत्तर द्या.