टाके राहिलेली अक्कलदाढ

लवंगेच्या तेलाचा वास आला की अहेरीच्या आमच्या घरचं स्वयंपाकघर आठवतं. चंद्रपूरला वरची अक्कलदाढ काढून आले, आणि पाण्याचा घोट घेतला की तो नाकातून बाहेर यायचा. "तूच जोरात गुळण्या केल्या असशीन," आई रोज बोलायची. चंद्रपूरला सोबत आलेला मोठा भाऊ मान खाली घालून जेवत राहायचा. महिन्यानं पुन्हा गेलो, तर डॉक्टर त्याच्यावरच चिडले. "तुमाले बाहेर बोलावून सांगितलं होतं नं, वर नाकापर्यंत भोक पडलं, टाके घालाले थांबा म्हणून?" भाऊ पुटपुटला, "बस सुटून राह्यली होती." भोक टाक्यांनी बुजलं. भावानं घरी खरं सांगितलं नाही, आणि आई अखेरपर्यंत पाहुण्यांना सांगायची, पोरीनं डॉक्टरचं ऐकलं नाही. भाऊ आजही माझ्याकडे येतो, आणि मान खाली घालून जेवून जातो.